‘गंग-हो’ म्हणजे उत्साही, पण कोणाच्या तोंडून?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या तरुणीच्या वार्षिक मूल्यमापनात तिच्या अमेरिकन मॅनेजरनं लिहिलं आहे की, नव्या प्रकल्पाबद्दल ती ‘अ बिट टू गंग-हो’ आहे. शब्दकोशात अर्थ सापडतो ‘अत्यंत उत्साही’. मग हे कौतुक समजायचं की टोमणा? आणि हा विचित्र शब्द आला कुठून? तिच्या ऑफिसातल्या एकाचं म्हणणं असं की तो आपल्या गंगेवरून आला. इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई ‘गंगा हो!’ अशी आरोळी ठोकायचे.

गंगेचं आधी उरकते. काही संबंध नाही. हे असं ऐकायला गोड वाटतं, म्हणूनच त्यावर विश्वास ठेवू नये. शब्द चिनी आहे, अमेरिकन मरीन (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या) सैनिकांच्या तोंडून इंग्रजीत आला आहे आणि इंग्रजीत त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. शब्दाचा जन्म कुठे, कोणत्या साली, कोणाच्या हातून झाला हे इतकं नेमकं माहीत असण्याचा योग फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येतो.

आता तुमच्या मूल्यमापनाचं. टोमणाच आहे, पण मऊ. खरी गोम ‘टू’मध्ये आहे असं तुम्हाला वाटेल. ती आहेच, पण ‘टू’ काढून टाकला तरी या शब्दात थोडी खोच उरतेच. ‘शी इज एन्थुझिअॅस्टिक’ म्हटलं तर ती स्तुती. ‘शी इज गंग-हो’ म्हटलं तर बोलणारा स्वतः दोन पावलं मागे उभा राहून तुमच्याकडे पाहतो आहे. तुमचा उत्साह त्याला दिसतो आहे, पण तो त्या उत्साहात सामील नाही.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही, तोंडघशी पडून सांगते आहे. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायला लागून मला तीसेक वर्षं झाली. सुरुवातीच्या दिवसांत एका अमेरिकन सैनिकाच्या आठवणी हाती आल्या होत्या. त्यात एक ‘गंग-हो सार्जंट’ होता. मी कोश उघडला, ‘उत्साही सार्जंट’ असं लिहिलं आणि पुढे गेले. हस्तलिखित परत आलं तेव्हा समासात संपादकांची पेन्सिल होती: “हा तर भला माणूस वाटतोय. मग पलटण त्याच्या नावानं बोटं का मोडते आहे?” मी ते प्रकरण पुन्हा वाचलं. त्या सार्जंटला लढायची खुमखुमी होती, आणि ती भागवायला तो इतरांना पुढे ढकलत होता. ‘खुमखुमी’ हा शब्द मला त्या दिवशी सापडला आणि मग या ‘गंग-हो’चा पाठपुरावा करायची खोड लागली ती लागलीच.

तर गोष्ट सुरू होते शांघायमध्ये. जुलै १९३७ मध्ये पेइचिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर जपानी आणि चिनी फौजांची चकमक उडाली आणि तिचं युद्ध झालं. ऑगस्टपासून तीन महिने शांघायची लढाई चालली. चीनचे बहुतेक आधुनिक कारखाने किनाऱ्यावर होते आणि त्यातला मोठा हिस्सा शांघायच्या आसपास होता. ते एक तर बेचिराख झाले, नाही तर जपान्यांच्या हातात गेले. लाखो कामगार आणि निर्वासित आतल्या प्रांतांकडे चालते झाले. हात होते, कसब होतं, काम नव्हतं. सैन्याला कपडे, बूट, घोंगड्या हव्या होत्या आणि त्या बनवायला कोणी नव्हतं.

यावर तोडगा काढणाऱ्यांत तीन परदेशी माणसं पुढे होती. अमेरिकन पत्रकार एडगर स्नो, त्यांच्या पत्नी हेलन फॉस्टर स्नो आणि न्यूझीलंडचे रिवी अॅली. मूळ कल्पना हेलनची होती असं म्हटलं जातं, आणि मला ते पटतं. अॅली शांघायमध्ये १९२७ साली आले आणि पुढे तिथे कारखाना निरीक्षक झाले. पोरवयाच्या कामगारांची दशा त्यांनी जवळून पाहिली होती. (रिवी हे नाव त्यांना माओरी सरदार रिवी मानिआपोटो यांच्यावरून ठेवलेलं. म्हणजे या माणसाचं स्वतःचं नावही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आलेलं.) कल्पना साधी होती: शत्रूच्या पल्ल्याबाहेर, आतल्या भागात छोटे छोटे कारखाने उभारायचे, कामगारांनीच त्यांचे मालक व्हायचं, आणि वेळ पडली तर यंत्रं मोडून, जनावरांवर लादून पुढच्या गावी न्यायची. १९३८ च्या ऑगस्टमध्ये हान्को इथे संस्थेची रीतसर स्थापना झाली. लोहार, विणकर, चांभार, छापखानेवाले असे गट उभे राहू लागले. दोन-तीन वर्षांत असे हजाराहून जास्त सहकारी कारखाने झाले आणि सैन्यासाठी लोकरीच्या घोंगड्या तर ढिगांनी विणल्या गेल्या. सहकारी साखर कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांच्या गावचं घड्याळ चालायचं, त्यांना यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच की हे सगळं डोक्यावर बॉम्ब पडत असताना चाललं होतं.

संस्थेचं चिनी नाव लांबलचक. त्यात ‘कुंगये’ म्हणजे उद्योग आणि ‘हत्स्वो’ म्हणजे सहकार असे दोन शब्द येतात. चिनी माणसं लांब नावाचं काय करतात? आपण करतो तेच. आपण शेतकरी कामगार पक्षाचा ‘शेकाप’ करतो, महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘मसाप’ करतो, अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ‘अंनिस’ करतो. त्यांनी कुंगयेचा ‘कुंग’ घेतला, हत्स्वोचा ‘ह’ घेतला, आणि संस्था झाली ‘कुंगह’. बस. मराठीत तसंच करायचं तर औद्योगिक सहकाराचं ‘औस’ होईल. हे संस्थेचं आखूड केलेलं नाव आहे. तो वाक्प्रचार नाही, घोषणा नाही, चिनी भाषेत ‘उत्साह’ या अर्थाशी त्याचं दूरचंही नातं नाही.

पण चिनी लिपीत एक सोय आहे, आणि तिथेच घोटाळ्याला जागा झाली. आपल्या ‘शेकाप’मधल्या ‘शे’ला एकट्याला काही अर्थ नाही. चिनी अक्षराला एकट्यालाही अर्थ असतो. ‘कुंग’ या अक्षराचा अर्थ काम. दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी. लिहायला सर्वांत सोप्या अक्षरांपैकी एक. ‘ह’ या अक्षराचा अर्थ जुळणं, एकत्र येणं. वर झाकण आणि खाली तोंड अशी त्याची आकृती, झाकण भांड्याला बरोबर बसावं तशी. तेव्हा दोन अक्षरं सुटी वाचली की ‘काम – एकत्र’ असं काहीतरी हाती लागतं. अॅली आणि त्यांच्या मंडळींनाही हा योग आवडलाच असणार. संस्थेच्या चिन्हावर ही दोन अक्षरं होती आणि परदेशातून मदत गोळा करताना त्यांचा अर्थ ‘मिळून काम करा’ असा सांगणं सोपं होतं.

उच्चाराबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती मराठी कानालाच कळते. चिनीत आपल्यासारखा घोष ‘ग’ नाही. तिथे क आणि ख आहेत. या शब्दातला पहिला वर्ण आपल्या साध्या ‘क’च्या जवळचा आहे. आपण तो ऐकला तर ‘कुंग’ असंच लिहू. इंग्रजी बोलणारा मात्र शब्दाच्या सुरुवातीचा स्वतःचा ‘क’ किंचित हकारयुक्त उच्चारतो, ‘ख’कडे झुकवून. त्यामुळे खराखुरा साधा ‘क’ कानावर पडला की त्याला तो ‘ग’ वाटतो. याच कारणानं ते ‘ताओ’चं ‘दाओ’ करतात, आणि आपण शांतपणे दोन्ही ऐकून घेतो. जुन्या रोमन लिप्यंतरात हा शब्द ‘के’नं लिहायचे. अमेरिकन सैनिकांनी तो कानाला वाटला तसा ‘जी’नं लिहिला, आणि पहिल्या स्वराचाही ‘अ’ झाला. अशा रीतीनं कुंगहचं ‘गंग-हो’ झालं, आणि ऐंशी वर्षांनी तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थांना त्यात गंगा दिसली.

आता येतो तो माणूस ज्यानं हा शब्द समुद्रापार नेला. इव्हान्स कार्लसन. जन्म १८९६. वय चोरून सोळाव्या वर्षी सैन्यात भरती झालेला, नंतर मरीन कोअरमध्ये गेलेला. चीनमध्ये त्याची नेमणूक एकाहून जास्त वेळा झाली होती. १९३५ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या वॉर्म स्प्रिंग्जमधल्या विश्रामघराच्या पहाऱ्यावर होता आणि तिथे दोघांचं इतकं सूत जमलं की, १९३७ मध्ये निरीक्षक म्हणून चीनला जाताना तो तिथून रूझवेल्टना थेट पत्रं लिहू लागला.

चीनमध्ये तो कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर महिनोन् महिने डोंगरदऱ्यांतून पायी फिरला. त्यानं पाहिलं की अधिकारी आणि शिपाई एकच अन्न खातात, लढाईआधी शिपायांना सांगितलं जातं की आपण का लढतो आहोत, आणि लढाईनंतर सगळे बसून काय चुकलं त्यावर बोलतात. पगार नाममात्र, बूट फाटके, आणि तरी माणसं मागे हटत नाहीत. या पाहण्यानं तो पार बदलला. परत आल्यावर तो जाहीर बोलायला लागला, वरिष्ठांनी तोंड आवरायला सांगितलं, तेव्हा १९३९ मध्ये त्यानं राजीनामा दिला. १९४० मध्ये तो पुन्हा चीनला गेला आणि अॅलींचे सहकारी कारखाने हिंडून पाहिले. ‘गंग-हो’ त्याच्या सामानात आला तो तिथूनच.

इथे जरा थांबते, कारण या आठव्या मार्ग सेनेशी महाराष्ट्राचा खरा धागा आहे. या सेनेचे सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचं पथक १९३८ मध्ये मुंबईहून निघालं, आणि त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच गेले. कार्लसनला जे दिसलं ते कोटणिसांनी फक्त पाहिलं नाही. ते त्यातलेच एक झाले. मूळ ‘कुंगह’चा आत्मा कोणाला मराठी उदाहरणानं सांगायचा तर मी कोटणिसांचं नाव घेईन. मात्र त्यांना कोणी इंग्रजीत ‘गंग-हो’ म्हटलं तर मला राग येईल. हा विरोधाभास का, ते आता सांगते.

जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर मरीन कोअरनं छापेमार तुकड्या उभारायचं ठरवलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये दुसरी रेडर बटालियन उभी राहिली आणि तिची सूत्रं, तोवर सैन्यात परतलेल्या, कार्लसनकडे आली. त्याचा दुय्यम अधिकारी होता राष्ट्राध्यक्षांचाच मुलगा, जेम्स रूझवेल्ट. कार्लसननं चीनमध्ये पाहिलेलं सगळं इथे उतरवलं. अधिकाऱ्यांसाठी वेगळी खाणावळ नाही, वेगळे लाड नाहीत. दर आठवड्याला सगळ्यांची सभा, तिथे साध्या शिपायानंही उठून साहेबाची चूक सांगावी. या सभांना नाव होतं ‘गंग-हो मीटिंग’. दहा जणांच्या स्क्वॉडमध्ये तीन-तीन जणांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटानं स्वतःचं डोकं चालवायचं, ही रीतही त्यानं बसवली. तीन-तीनचे गट पुढे चार-चारचे झाले, पण ती रीत मरीन कोअरमध्ये टिकली.

आपल्या पोरांना तो पुन्हा पुन्हा सांगायचा की गंग-हो हे चिनी सहकारी कारखान्यांचं ब्रीद आहे, त्याचा अर्थ मिळून काम करणं, मेळानं काम करणं. १९४३ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकालाही त्यानं तेच सांगितलं. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. उद्या एखाद्या परक्यानं ‘अंनिस’ हा शब्द ऐकून ‘डोळे उघडा’ असा त्याचा अर्थ लावावा आणि आपल्या गावी जाऊन त्याची आरोळी करावी, तसं हे झालं. भाव बरोबर, व्याकरण चूक. १९६७ मध्ये अल्बर्ट मो यांनी ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात या शब्दावर लांबलचक लेख लिहिला आणि हे संस्थेचं संक्षिप्त नाव आहे, ब्रीद नव्हे, हे नीट मांडलं. तोपर्यंत शब्द कधीच हाताबाहेर गेला होता.

हाताबाहेर जायला दोन मोहिमा आणि एक चित्रपट पुरले. १७ ऑगस्ट १९४२ रोजी कार्लसनचे दोनशेवर रेडर दोन पाणबुड्यांतून पॅसिफिक महासागरातल्या माकिन बेटावर उतरले. वर्तमानपत्रांनी तो छापा डोक्यावर घेतला. आतली गोष्ट इतकी उजळ नव्हती. परतीच्या वेळी लाटांनी रबरी होड्या उलटवल्या, नऊ जण मागे राहिले, जपान्यांच्या हाती लागले आणि पुढे क्वाजालीन बेटावर त्यांचा शिरच्छेद झाला. नोव्हेंबरात पॅसिफिकमधल्याच ग्वादलकनाल बेटाच्या जंगलात याच बटालियननं महिनाभर गस्त घातली. सोळा रेडर मेले. जपान्यांचे चारशेवर मारल्याची नोंद झाली. ही गस्त ४ डिसेंबरला संपली. पाचच दिवसांनी तिकडे चीनच्या उत्तरेला कोटणीस गेले. या दोन तारखांत काही कार्यकारण नाही, माझ्या वहीत मात्र त्या शेजारी-शेजारी आहेत. १९४३ च्या अखेरीस माकिनच्या छाप्यावर हॉलिवूडचा चित्रपट आला आणि त्याचं नावच ‘गंग-हो!’ होतं. शब्द घरोघरी गेला, उद्गारचिन्हासकट.

त्याच वर्षी, चित्रपट यायच्या कितीतरी आधी, कार्लसनच्या हातून त्याची बटालियन काढून घेण्यात आली होती. नव्या अधिकाऱ्यानं तिची घडी नेहमीसारखी बसवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये रेडर तुकड्याच मोडल्या. अधिकारी आणि शिपाई एका पंगतीत बसवणारा, चिनी लाल सैन्याची वाखाणणी करणारा माणूस कोणाला रुचणार? तो १९४७ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी गेला.

शब्दाला कलाटणी मिळाली ती इथे. इतर तुकड्यांतले मरीन या रेडरांकडे कसे बघत असतील? छापेमार म्हणून मिरवणारे, वर्तमानपत्रांत फोटो येणारे, सभा भरवणारे, घोषणा देणारे. सैन्यात असल्या पोरांची टर उडवली जाते, जगातल्या कुठल्याही सैन्यात. ‘तो बघ, गंग-हो चालला.’ घोषणा होती तोवर तो शब्द आतल्या माणसांचा होता. विशेषण झालं तेव्हा तो बाहेरच्या माणसांचा झाला. आणि या उलथापालथीत ‘एकत्र’ हा अर्धा भाग गळून पडला. राहिला तो नुसता जोर. कोरियाच्या युद्धापर्यंत, पन्नाशीच्या दशकात, तो सर्वसामान्य अमेरिकन बोलीत शिरला आणि सैन्याबाहेरही कोणत्याही अतिउत्साही माणसाला लागू होऊ लागला. ब्रिटनमध्ये आजही त्याला बंदुकीच्या दारूचा वास आहे. तिथे एखाद्या पुढाऱ्याला गंग-हो म्हटलं तर बहुधा तो युद्धाला उतावीळ आहे असं म्हणायचं असतं.

सैनिक नावं उचलतात आणि त्यांचं भलतंच काही करतात, याचं आपल्या घरचं उदाहरण माहीत असायला हवं. नाशिकजवळचं देवळाली. इंग्रज शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत महिने काढायचे. उकाडा, रिकामपण, ताप. माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागायची. त्यांच्या बोलीत देवळालीचं ‘डूलाली’ झालं आणि ‘डूलाली टॅप’ म्हणजे देवळालीचा ताप. आज लंडनमध्ये एखादी आजी ‘ही इज गॉन डूलाली’ म्हणते, म्हणजे त्याचं डोकं फिरलं आहे. आणि तिला नाशिक कुठे आहे हे माहीत नसतं. अमेरिकन सैनिकांनी जपानहून आणलेला ‘हाँचो’ही याच जातीचा. मूळ जपानीत स्क्वॉडचा प्रमुख, इंग्रजीत कोणताही बडा साहेब.

अर्थ उलटण्याचा प्रवास दुसऱ्या दिशेनंही होतो, आणि गंमत म्हणजे तो ‘एन्थुझिअॅझम’चाच झाला आहे. हा ग्रीक शब्द. त्याच्या पोटात ‘देव आत असणं’ आहे. म्हणजे शब्दशः ‘अंगात येणं’. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एखाद्याला ‘एन्थुझिअॅस्ट’ म्हणणं शिवी होती. धर्माच्या नावानं अंगात आणणारा, स्वतःला थेट देवाचा निरोप येतो असं मानणारा. तत्त्वज्ञ जॉन लॉकनं या प्रवृत्तीवर टीका करणारं अख्खं प्रकरण आपल्या ग्रंथाच्या १७०० सालच्या आवृत्तीत घातलं. मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर हाच आरोप व्हायचा. आज नोकरीच्या जाहिरातीत ‘एन्थुझिअॅस्टिक’ माणूस हवा असतो. एक शब्द शिवीतून वर चढला, दुसरा ब्रीदातून खाली आला.

आणि आपला ‘उत्साह’? तो कधी शिवी झाला नाही. भरतानं त्याला वीररसाचा स्थायीभाव केला, त्यामुळे त्याची गादी पहिल्यापासून उंच. इथे एक सापळा आहे, विद्यार्थी हमखास त्यात पाय घालतात. ‘उत्साह’ आणि ‘सहकार’ दोन्हींत ‘सह’ ऐकू येतो, मग ‘एकत्र काम करण्यातून येतो तो उत्साह’ असं सुंदर वाक्य लिहायचा मोह होतो. चुकीचं आहे. उत्साहातला सह हा धातू आहे, सोसणं, पेलणं, समर्थ असणं या अर्थाचा. सहकारातला सह म्हणजे बरोबर. (संस्कृत काव्यात तर सहकार म्हणजे आंब्याचं झाड.) नुसत्या आवाजावरून अर्थ जुळवला की आपलाही कार्लसन होतो.

मराठीत ‘गंग-हो’साठी एक शब्द नाही, आणि असायची गरजही नाही. संदर्भ बघून मी निवडते. शिपायाबद्दल असेल तर ‘खुमखुमी’. नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात सगळं बदलायला निघालेल्याबद्दल असेल तर ‘बाह्या सरसावून निघालाय’. घाईचा रंग असेल तर ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ आहेच; त्याहून नेमकं मला आजवर सापडलेलं नाही. नकारार्थी वाक्यात, म्हणजे ‘आय अॅम नॉट टू गंग-हो अबाउट इट’, तिथे ‘मला काही फारसा उमाळा नाही’ किंवा सरळ ‘माझं मन घेत नाही’. तिथे अमेरिकन माणूस खुमखुमीबद्दल बोलतच नसतो, तो फक्त सभ्यपणे नाही म्हणत असतो.

आपल्याकडच्या इंग्रजी आर्थिक पत्रांनी मात्र या शब्दाला वेगळंच वळण लावलंय. ‘परदेशी गुंतवणूकदार भारतावर गंग-हो’ अशा मथळ्यात खोच नसते, नुसती आशावादी तेजी असते. अमेरिकन माणूस ‘अबाउट’ लावतो, आपले मथळे ‘ऑन’ लावतात. तुम्ही हा शब्द पहिल्यांदा बहुधा तिथेच पाहिला असणार, आणि म्हणून तो तुम्हाला निरुपद्रवी वाटला. साहेब अमेरिकन आहे, तेव्हा त्याचा अर्थ तिकडचा घ्या.

चीनमध्ये त्या संस्थेचं पुढे काय झालं हेही विचारलं जातं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिचं काम थांबलं. अॅली चीनमध्येच राहिले. १९८७ मध्ये संस्थेची आंतरराष्ट्रीय समिती पुन्हा उभी करण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पेइचिंगमध्ये वारले. समिती इंग्रजीत आपलं नाव ‘गंग-हो’ असंच लावते, अमेरिकनांनी बिघडवलेल्या स्पेलिंगसकट.

उत्तर काय द्यायचं? तुमच्या जागी मी असते तर ‘थँक यू’ म्हणून गप्प बसले नसते आणि रुसलेही नसते. साहेबाला विचारलं असतं की प्रकल्पात नेमकं कुठे मी इतरांना मागे टाकून पुढे पळाले. त्याच्या वाक्याचा खरा मुद्दा बहुधा तोच आहे: तुमचा जोर दिसला, बाकीची टीम बरोबर दिसली नाही. उत्तरात ‘गंग-हो’ स्वतःबद्दल वापरू नका. ‘कीन’ लिहा, तो सरळ शब्द आहे. तिकडच्या तरुण पोरांसारखं ‘स्टोक्ड’ तर मुळीच नको. तो बॉयलरमध्ये कोळसा ढकलण्यातून आलेला आणि कॅलिफोर्नियाच्या लाटांवर वाढलेला शब्द, मूल्यमापनाच्या कागदावर चप्पल घालून आल्यासारखा दिसतो. आणि बोलताना ‘गंग-हो’ उच्चारायची वेळ आलीच तर जोर ‘हो’वर द्या.